नरसव्वाचे दगड

नरसव्वाचा हात फार लवकर उठायचा. नळावर मध्येच घागर घुसवणारी बाई असो, मांजराच्या शेपटीला डबा बांधणारं पोर असो, नाहीतर पगाराच्या दिवशी झुलत येणारा एखादा बाप्या असो; आधी पाठीत दणका बसायचा, मग शिव्या, आणि सगळं आटोपल्यावर ती विचारायची, "काय झाला होता?" गल्लीत तिच्या हातचा मार न खाल्लेली माणसं मोजकीच होती. अकरा वर्षांची होईपर्यंत मी त्यांतली एक होते.

सोलापुरात साखर पेठेच्या पुढे, जिथे यंत्रमागांच्या खडखडाटात माणसं एकमेकांशी मोठ्यानेच बोलतात, तिथे आमची गल्ली होती. वडील एका गिरणीत कारकून होते. आम्ही माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. गल्लीत बहुतेक घरं तेलुगू विणकरांची. नरसव्वाची एक खोली आमच्या समोरच होती. उंबऱ्यात पाय पसरून, मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर बिड्या वळायची. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू टाकायची, पान गुंडाळून टोक दुमडायची आणि दोरा मारायची. हे सगळं न बघता. डोळे गल्लीवर. कोण कुणाकडे गेलं, कुणाच्या चुलीचा धूर आज निघाला नाही, कुठलं पोर शाळेला दांडी मारून परत आलं, हे तिला हातातलं काम न थांबवता कळायचं.

घरात तेलुगू, भाजीवाल्याशी दखनी आणि आम्हा पोरांशी ती मराठी बोलायची. तिच्या मराठीत बाई आणि बाप्या असा भेदच नव्हता. "तुझा आई आला का?" "माझी नवरा मेली." आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हस बिड्डा, हस. दात हाय तवर हस." बिड्डा म्हणजे लेकरू. सगळ्यांची पोरं तिची बिड्डाच होती. स्वतःचं मूल नव्हतं.

तिची डावी नाकपुडी फाटलेली होती, पार ओठापर्यंत. आम्ही विचारलं की दर वेळी वेगळी गोष्ट. कधी पोपटाने चावलं, कधी मागाच्या दोऱ्यात नथ अडकली, कधी देवाने चिमटा काढला. खरी गोष्ट आईने मला फार उशिरा सांगितली. नवऱ्याने हिसका देऊन नथ ओढली होती. नरसव्वाने पाट्यावरचा वरवंटा उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. मग स्वतःच बांबूच्या पट्ट्या लावून फडक्याने हात बांधला, त्याच्यासाठी भाकरी बांधून दिली, आणि स्टेशनवर जाऊन त्याला हैदराबादच्या गाडीत बसवून आली. स्वतःच्या नाकावर तेव्हा हळद दाबलेली. तो परत कधी आला नाही. पुढे तो मेल्याची बातमी आली तेव्हा तिने तेरा दिवस पाळले म्हणे, एक दिवसही कमी नाही.

सहावीत असताना आमच्या गणिताच्या मास्तरांनी माझ्या बोटांच्या पेरांवर पट्टी मारली. पट्टीची धार लावून मारायची त्यांची पद्धत होती. संध्याकाळी मी नरसव्वाजवळ दोरा गुंडाळायला बसले तर बोटं मिटेनात. तिने माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला.

"कोण मारला?"

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला ती वर्गाच्या दारात उभी. डोक्यावर पदर, कमरेला तंबाखूची डबी. मास्तरांना वाटलं कुणाची तरी आई, फी माफ करा म्हणायला आली असेल.

"हात दाव," ती म्हणाली.

"काय?"

"हात. हात दाव की."

माणूस गोंधळला की सांगितलेलं करून टाकतो. मास्तरांनी हात पुढे केला. तिने टेबलावरची पट्टी उचलली, धार वळवली, आणि सपकन एकच मारली. मास्तर कळवळले.

"दुखला?"

मास्तरांनी हात काखेत दाबला.

"त्याला बी दुखला," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. मग पट्टी होती तशी टेबलाच्या कडेला नीट ठेवली आणि गेली. हेडमास्तर संध्याकाळी आमच्या घरी आले. वडिलांनी माफी मागितली. आईने मला आठवडाभर नरसव्वाकडे जाऊ दिलं नाही. मास्तर मारायचे थांबले नाहीत, पण पुढे पट्टी सपाट बाजूने मारू लागले.

नरसव्वाच्या भिंतीला भिंत लागून भूमव्वाचं घर होतं. भूमव्वा विधवा, तिचा एकुलता एक मुलगा रामलू यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा रामलूचं लग्न झालं आणि पद्मा घरात आली. चौदा-पंधरा वर्षांची असेल. पहिले काही दिवस ती आमच्यात सागरगोटे खेळायला बसायची. तिचा झेल कधी चुकायचा नाही. मग भूमव्वाने तिला आत बोलावलं आणि ती पुन्हा खेळायला आली नाही.

महिनाभरात मार सुरू झाला. रामलू दुपारी जेवायला घरी यायचा. भात करपला, पाणी संपलं, उत्तर उशिरा दिलं, कशावरूनही. त्याच्याकडे कारखान्यातून आणलेला एक जुना धोटा होता. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. त्याने तो तिला मारायचा. आवाज माडीपर्यंत यायचा. आई आमची खिडकी लावून घ्यायची आणि रेडिओ मोठा करायची.

नरसव्वाने खिडकी लावली नाही. तिने एके दिवशी भूमव्वाच्या घरात शिरून रामलूला अंगणात ओढून काढलं आणि सगळ्यांसमोर तुडवलं. गल्लीने मजा पाहिली. पण त्यानंतरच्या आठवड्यात पद्माचा आवाजच यायचा थांबला. आम्हाला वाटलं, सुधारला. नळावर ती आली तेव्हा तिच्या ओठांचे कोपरे फाटलेले दिसले. तो आता तिच्या तोंडात फडकं कोंबून मारत होता.

नरसव्वाने ते ओठ पाहिले. तिची घागर भरून वाहायला लागली तरी ती बघत राहिली. मी तिला हात न उचलता नुसती उभी राहिलेली त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली आणि त्याच आठवड्यात भूमव्वाच्या पत्र्यावर पहिला दगड पडला.

दुपारची वेळ. धडाम आवाज झाला. मग दुसरा. मग घरंगळत जाऊन अंगणात पडलेला तिसरा. भूमव्वा ओरडत बाहेर आली. आजूबाजूला कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेलं रामलूचं धोतर उभं फाटलेलं निघालं. चौथ्या दिवशी भाताच्या पातेल्यात राख. गल्लीत एकच शब्द फिरायला लागला, भानामती.

"दगडं पडलालेत की बे, आकाशातनं!" पोरं शाळेत सांगायची, आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्या पेठांतली पोरं आमची गल्ली बघायला यायची. आम्हाला भीती वाटायची आणि ती भीती हवीहवीशी वाटायची. जग आपल्याला सांगितलं त्याहून मोठं आहे, दुपारच्या उन्हातसुद्धा त्याच्यात काहीतरी न दिसणारं फिरतंय, या कल्पनेने मला जेवण जायचं नाही. एक दगड मी हातात घेतला. तो गरम होता. सगळे म्हणत होते की भानामतीचे दगड गरमच असतात. मी तो फेकून दिला आणि मग परत उचलून आणला.

त्या काळात मी वाचनालयातून रहस्यकथा आणून वाचायचे. मी एक वही केली. दगड कधी पडला, किती पडले, तेव्हा कोण कुठे होतं, सगळं लिहायला लागले, मी शाळेत असतानाचं आईला विचारून. आठ दिवसांत मला एक गोष्ट दिसली. दुपारचा गिरणीचा भोंगा झाला की पाच-दहा मिनिटांत दगड पडायचे. भोंगा झाला की रामलू कारखान्यातून जेवायला निघायचा. तो दारात पोचेपर्यंत घरात रडारड, गर्दी, लिंबू-मिरच्या. जेवणाकडे आणि पद्माकडे बघायला कुणाला सवड नसायची.

शिवाय नरसव्वाने नळावर भूमव्वाला सांगितलं होतं, सगळ्या बायांच्या देखत, "आमच्या गावात असा झाला होता. दगड पडला. त्या घरात बाईला मारली, आणि घर पेटली. पुरा घर. म्हातारी बी आत." भूमव्वाने त्या दिवसापासून मुलाला पद्माच्या अंगाला हात लावू दिला नाही. पद्माच्या ओठांवरच्या खपल्या पडल्या. तिच्या गालावर थोडं मांस आलं.

मला हे दोन धागे जुळवता आले नाहीत. मी अकरा वर्षांची होते आणि मला भूत पकडायचं होतं.

एका दुपारी पोट दुखतंय सांगून मी शाळेतून लवकर आले आणि आमच्या वरच्या गच्चीवर कठड्याआड पडून राहिले. तिथून भूमव्वाची न्हाणी दिसायची, वर उघडी. भोंगा झाला. पद्मा न्हाणीत आली. तिने पदराची गाठ सोडली, दगड काढला, एक पाय मागे घेतला आणि उंच फेकला. दगड वर गेला, वळला आणि बरोबर पत्र्याच्या मध्यावर पडला. मग दुसरा. तिच्या तोंडावर भीती नव्हती, राग नव्हता. सागरगोटे खेळताना असायचं तसंच तोंड होतं. मग तिने हात धुतले आणि किंचाळत घरात पळाली.

मी जिना उतरून थेट नरसव्वाकडे गेले. कुणालातरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. "नरसव्वा, मला कळलं! पद्मा टाकते! मी बघितलं, पद्माच—"

माझ्या कानशिलात बसली. इतकी जोरात की मी दारातून खोलीच्या आत जाऊन पडले. तिने दार ओढून घेतलं.

"कुणाला सांगितला?"

"कुणाला नाही."

"आईला?"

"नाही."

"बापाला?"

मी रडत मान हलवली. ती माझ्यासमोर बसली. माझ्या गालावर तिची चार बोटं उठली असावीत, कारण तिने त्यांच्यावर आपलीच बोटं ठेवून पाहिली.

"दगड पडतो तवर पद्मा जिता हाय," ती म्हणाली. "दगड थांबला की धोटा चालू. तू शिकलेली हाय. सांग, काय करायचा?"

मला वहीतली एक नोंद आठवली. एका रविवारी पद्मा नळावर होती, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि तरीही दगड पडले होते.

"मग तेव्हा कोणी टाकले?"

नरसव्वाने कोपऱ्यातलं बिडीच्या पानांचं पोतं बाजूला सारलं. खाली दगडांचा ढीग होता. काही दगड चुलीच्या कडेला मांडून ठेवलेले, गरम व्हायला.

"नळावरनं पद्माचा हात लांब जात न्हाय," ती म्हणाली. "माझा जाते."

तिने मला शपथ घ्यायला लावली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि सूप मांडीवर ओढलं. मी घरी आले, वही फाडली आणि न्हाणीच्या बंबात घातली. आईने गाल बघून विचारलं तेव्हा पडले म्हणाले.

रामलू मात्र गप्प बसणारा नव्हता. आईच्या धाकाने त्याने हात आवरला होता, पण त्याचा राग कुठे गेला नव्हता. त्याने मैंदर्गीकडून एक देवऋषी आणला. कानडी बोलणारा, काळी घोंगडी पांघरलेला, बारीक डोळ्यांचा माणूस. ती यंत्रमागांच्या सुट्टीची दुपार होती. सगळे बाप्ये घरी. देवऋषी भूमव्वाच्या अंगणात बसला, तळहातावर नारळ उभा केला आणि डोळे मिटून घुमायला लागला. मग उठून नारळ घेऊन गल्लीतून चालू लागला. मागून वीस-पंचवीस माणसं. मी आमच्या खिडकीत होते. प्रत्येक दारापुढून तो जाई तेव्हा त्या घरातल्या बायका आत सरकत.

नरसव्वा उंबऱ्यात बिड्या वळत होती. ती सरकली नाही. तो तिच्यासमोर थांबला, तिच्या फाटक्या नाकाकडे त्याने पाहिलं, आणि नारळ तिच्या पायाजवळ आपटला.

"ईके नोड्री," तो म्हणाला. हीच ती.

रामलूने तिच्या केसांना धरून तिला गल्लीत ओढलं. सूप उलटलं, तंबाखू मातीत मिसळली. ती उठायला लागली की कुणीतरी लाथ घालायचं. ज्यांच्या पोरांना तिने गोवरात रात्रंदिवस मांडीवर घेतलं होतं ते बाप त्यांत होते. माझे वडील चपला न घालता खाली धावले. "अहो, सोडा तिला! काय चाललंय हे?" कुणीतरी त्यांना कोपर मारलं. चष्मा पडला आणि पायाखाली गेला. ते भिंतीला धरून उठले, चाचपडत सायकलीपाशी गेले आणि चौकीकडे निघाले. चष्म्याशिवाय त्यांना चार हातांवरचं दिसत नसे.

आईने दाराची कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. माझ्याकडे मात्र तिचं लक्ष नव्हतं.

"कबूल कर!" रामलू ओरडला.

पुढचं सगळं मला ऐकू आलं. नरसव्वाने मान वर केली. भूमव्वाच्या दारात पद्मा उभी होती. नरसव्वाने तिच्याकडे पाहिलं, मग वर, आमच्या खिडकीकडे. आणि ती मोठ्याने म्हणाली, "व्हय. मी टाकली. सगळा दगड मीच टाकली. त्या पोरगीला काय बी माहीत न्हाय."

देवऋषीने सांगितलं की हिचे पुढचे दात पाडले पाहिजेत, म्हणजे हिला मंत्र म्हणता येणार नाही. दोघांनी तिचं डोकं धरलं. रामलूने धोटा आणला. लोखंडी अणी दातांवर लावून वरून दगडाने मारलं. पहिल्या घावात दात पडले नाहीत, ओठ फाटला. दुसऱ्यात पडले. मग ज्या हाताने टाकले तो हात, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते मला माहीत आहे, त्याची मुलं अजून सोलापुरात आहेत. त्यांनी तिचा उजवा हात तिच्याच उंबऱ्यावर ठेवला आणि तिच्याच घरातला वरवंटा आणला.

मी ओरडले नाही. खरं सांगायचं तर मला पद्माचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते घ्यायचं नाही हे मला ठाऊक होतं. पण नुसतं "थांबा" म्हणून ओरडायला कुणाचंच नाव लागलं नसतं. तेही मी केलं नाही. खिडकीच्या गजाला मी इतकं घट्ट धरलं होतं की नंतर आईला एकेक बोट सोडवावं लागलं.

वरवंटा दोनदा खाली आला.

तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पद्मा दारातून पुढे आली. तिच्या पदरात ओझं होतं.

"नेने!" ती ओरडली. मीच. "नेने वेसिना!" मीच टाकले.

गर्दीतल्या बऱ्याच जणांनी तिला बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असेल. रामलू वळला. तिने पदरातून दगड काढला, एक पाय मागे घेतला आणि मारला. तो त्याच्या डोळ्याच्या वर बसला. रामलू जागच्या जागी खाली बसला, हाताने कपाळ धरून, आणि बोटांमधून रक्त आलं तेव्हा त्याने ते कुणा दुसऱ्याचं असावं तसं पाहिलं. दुसरा दगड देवऋषीच्या खांद्याला लागला. तो घोंगडी टाकून पळाला. तिसरा वरवंटा धरलेल्या माणसाच्या गुडघ्यावर. एकही नेम चुकला नाही. आकाशातून दगड पडताना आठवडेच्या आठवडे हात जोडून उभी राहणारी माणसं आता ते कुणाच्या हातून येतायत हे दिसल्यावर पळत सुटली. पंधरा वर्षांच्या पोरीपुढे वीस बाप्ये पळाले. भूमव्वा एकटी उरली, अंगणाच्या मधोमध, तोंडावर पदर दाबून.

पद्मा दगड संपेपर्यंत थांबली नाही. संपल्यावर खाली बसली आणि नरसव्वाचं डोकं मांडीवर घेतलं. आई तोवर कडी काढून पाण्याचा तांब्या घेऊन खाली पोचली होती, मी तिच्या मागे. नरसव्वाच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. ती काहीतरी म्हणत होती. आई वाकली. मीही वाकले.

"नेम चांगली हाय," नरसव्वा म्हणाली.

पोलीस आले. फौजदाराने विचारलं, कोण कोण होतं? गल्ली रिकामी, दारं बंद. नरसव्वाने फुटक्या तोंडाने एकेकाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. प्रत्येक नावानंतर ती थांबून रक्त थुंकत होती. एकही नाव विसरली नाही. बंद दारांच्या आड ती नावं ऐकू जात असणार, कारण प्रत्येक नावाला कुठल्यातरी घरातून एखादी बाई रडायला लागायची.

मोठ्या दवाखान्यात तिची दोन बोटं काढावी लागली. उरलेली वाकडी जुळली. साक्षीला गल्लीतलं कुणी उभं राहिलं नाही. माझे वडील राहिले. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि लाजही वाटली, कारण मी जे पाहिलं होतं त्याच्या निम्मंही त्यांना चष्म्याशिवाय दिसलेलं नव्हतं. मला कुणी काही विचारलं नाही. रामलू काही महिने आत राहून आला आणि गल्लीत पाऊल न टाकता भिवंडीला निघून गेला.

पद्मा नरसव्वाकडेच राहिली. माहेरचा भाऊ एकदा न्यायला आला होता, तर "तिथं जाऊन काय करू?" म्हणाली. नरसव्वा डाव्या हाताने पान कापायला शिकली. फार वाईट कापायची. पद्मा वळायची. बिडी कारखान्यातला माणूस बिड्या तपासून वाकड्या बाजूला काढायचा, आणि नरसव्वा घरी येऊन पद्माला म्हणायची, "तुझी चूक." पद्मा म्हणायची, "तुझी." दिवसभर त्यांचं भांडण चालायचं. कधी नरसव्वा तिला सुपाने मारायची, कधी पद्मा सूप हिसकावून घ्यायची. ज्या बायांच्या नवऱ्यांची नावं तिने फौजदाराला सांगितली होती त्या हळूहळू पुन्हा तिच्या उंबऱ्यात येऊन बसायला लागल्या. ती त्यांना हाकलायची नाही. त्यांच्याकडे बघायचीही नाही. त्या बसायच्या, थोडा दोरा गुंडाळून द्यायच्या आणि जायच्या.

भूमव्वा भिंतीपलीकडे एकटी राहिली. मुलाचं पत्र येत नव्हतं. तिची चूल ज्या दिवशी पेटायची नाही त्या दिवशी नरसव्वा भिंतीवर वरवंट्याने ठोकायची आणि तेलुगूत इतक्या घाण शिव्या द्यायची की आई माझे कान झाकायची. शिव्या झाल्या की पद्मा भाताचं ताट नेऊन द्यायची. भूमव्वा ते घ्यायची.

एकदा, मी नववीत असेन, मी नरसव्वाला विचारलं, "तू माझ्याकडे बघितलंस ना त्या दिवशी? खिडकीत?"

"बघितला."

"मी ओरडायला पाहिजे होतं का?"

तिने हातातलं पान कापून संपवलं. "तुला बी मारला असता," ती म्हणाली. मग पुढचं पान उचललं. त्या उत्तराने माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही, आणि ते तिलाही कळलं असावं.

दहावीनंतर गल्ली सुटली. आम्ही घर बदललं. मी बार्शीला मावशीकडे राहून कॉलेज करायला लागले. सुट्टीत आले की गल्लीत जायचं ठरवायचे आणि राहून जायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका सकाळी मी सोलापुरात बार्शीच्या एसटीत बसले. गाडी स्टँडवरून निघाली आणि थोड्याच अंतरावर थांबली. पुढे रस्ताभर बायका. बिडीवाल्या बायकांचा मोर्चा होता. शेकडो बायका, डोक्यावर पदर, कडेवर पोरं. पुढच्या रांगेतल्या रस्त्यातच बसल्या होत्या.

ड्रायव्हरने हॉर्न मारला. पुढच्या रांगेतून एक म्हातारी बाई वळली आणि त्याला बोळक्या तोंडाने काहीतरी ओरडून म्हणाली. सगळ्या बायका हसल्या. मी खिडकीची काच वर केली.

पलीकडून पोलीस येत होते. हातात काठ्या. एकाने भोंग्यावरून काहीतरी सांगितलं, कुणाला ऐकू आलं नाही. मग काठ्या उठल्या. किंकाळ्या, पळापळ, चपला रस्त्यावर. बायका गटारं ओलांडून दुकानांत शिरत होत्या. मी उभी राहिले.

"ओ ताई, खाली बसा की," कंडक्टर म्हणाला. "काच लावा. दगड येईल."

ड्रायव्हरने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. रस्ता रिकामा होत गेला आणि मधोमध नरसव्वा दिसली. पाय पसरून बसलेली. एक शिपाई काठी उगारून तिच्या अंगावर उभा होता आणि ती त्याच्याकडे मान वर करून बघत होती. मागून पद्मा धावत आली. चांगली उंच झाली होती. तिने नरसव्वाच्या बगलेत हात घातले आणि तिला उचलायला लागली. नरसव्वा उठेना. काठी पद्माच्या पाठीवर बसली, तरी तिने हात सोडले नाहीत. गाडी वळली. मी मागच्या काचेकडे पळाले. तिथून मला एवढंच दिसलं, पद्मा तिला ओढत नेत होती, आणि नरसव्वा तीन बोटांच्या त्या वाकड्या हाताने पद्माला दणादण मारत होती, उठवलीस कशाला म्हणून.